दोऱ्याचं पातेलं

जर्मनीत आखनला आमच्या इमारतीत दर उन्हाळ्यात एका शनिवारी होफफेस्ट असतं. मागच्या अंगणात टेबलं मांडायची, मुलांनी खडूनं फरशा रंगवायच्या, प्रत्येक घरानं एक पदार्थ आणायचा आणि पाऊस आला तर सायकलींच्या शेडमध्ये दाटीवाटीनं उभं राहून तोच पदार्थ खायचा. माझ्या वाट्याला चिली आली ती आम्ही इथे राहायला आलो त्याच वर्षी, आणि आली ती चिकटलीच. तळमजल्यावर एक बाई राहतात. कुणीही न नेमता त्या इमारतीच्या कारभारीण झाल्या आहेत. त्यांनी मला जिन्यात गाठलं आणि म्हणाल्या, "तुम्ही इंडियातल्या, म्हणजे तिखट तुम्हाला जमणारच. आल्झो, तर मग, चिली तुमच्याकडे." इतकं पक्कं तर्कशास्त्र समोर आल्यावर मी काय बोलणार! मी मान हलवली.

चिली मला येत नव्हती. जर्मनीत चिली म्हणजे पार्टीचं हुकमी अन्न, मोठं पातेलं भरून करायचं आणि पावाबरोबर वाढायचं. मी सुपरमार्केटातून बीफचा खिमा, राजम्याचे डबे, मक्याच्या दाण्यांचा डबा आणि मसाल्याचं एक पाकीट आणलं, पाकिटावरच्या सूचना वाचल्या आणि सगळं एकत्र उकळलं. लोकांनी खाल्लं, छान आहे म्हणाले, आणि पुढची काही वर्षं मी तेच उकळत राहिले. धातूचे तुकडे यंत्रात ताणून ते कधी तुटतात ते बघणं हा माझा दिवसभराचा उद्योग. घरी आल्यावर स्वयंपाकघरात पुन्हा संशोधन करायची हौस मला नाही.

मांस मात्र आमच्याकडे आठवड्यातून दोनदा तरी असतं. आम्ही नगरकडचे मराठी ख्रिस्ती. संध्याकाळी दमून घरी आलं की खिम्यासारखं सोपं काही नाही. कांदा, आलं-लसूण, हळद-तिखट, गोठवलेले मटार, आणि बेकरीतल्या गोल ब्रोटशनच्या पोटात भरलं की झाला खिमापाव. शनिवारी सूपसाठी विकतात ते हाडाचं मांस कुकरला लावायचं आणि पातळ रस्सा भातावर ओतायचा. उरलेल्या खिम्याचे मी कटलेट करते. माझी मुलगी त्यांना फ्रिकाडेले म्हणते आणि मोहरीच्या पिवळ्या सॉसमध्ये बुडवून खाते. मी तिकडे बघत नाही.

आईच्या तोंडी मात्र बीफ हा शब्द नाही. आमच्याकडे बोकडाचं ते मटण आणि बैला-म्हशीचं ते मोठ्याचं. हा शब्द आई जन्मभर हळू आवाजात म्हणत आली. तिची नोकरी पुण्यात, शाळेत, आणि आमचं बिऱ्हाड नेहमी भाड्याचं. घरमालक भले लोक असत, पण भले लोकही जागा देताना आधी आडनाव आणि मग आहार विचारत. म्हणून आईचं एक शास्त्र तयार झालं होतं. मोठ्याचं आणायचं ते कापडी पिशवीत, वर मेथीची जुडी, पानं बाहेर डोकावतील अशी. शिजवायचं ते सगळ्या खिडक्या लावून. झालं की पातेल्यावर झाकण, झाकणावर वजन आणि शेगडीवर लगेच कॉफी उकळायला ठेवायची, म्हणजे दार उघडताना घराला कॉफीचा वास. मला लहानपणी वाटायचं, सगळ्यांच्याच घरी रविवारी जेवणानंतर कॉफी असते.

आणि शेजाऱ्यांसाठी वेगळं पातेलं. ही आईची दुसरी सवय. आईच्या हातच्या वांग्याच्या भाजीवर आणि पुरणपोळीवर अख्खा वाडा खूश असे, पण शेजारी पाठवायचं ते एका ठरावीक पातेल्यातलं, ज्याला मोठ्याचा कधी स्पर्श झाला नाही असं. त्याच्या कानाला ती लाल दोरा बांधायची, म्हणजे घाईगर्दीत माझ्या हातून चूक होऊ नये. "लोक आपल्या हातचं विश्वासानं खातात," ती म्हणायची, "त्यांच्या नकळत त्यांचा नेम मोडायचा नाही." त्यांना काही कळू द्यायचं नाही आणि त्यांना फसवायचंही नाही, अशी ती दोरीवरची कसरत होती. आई ती चांगली वीस वर्षं करत होती.

एकदा तोल गेलाच. शेजारच्या एक बाई आईच्या फार जवळच्या होत्या, दुपारी दोघी एकत्र निवडण-टिपण करत बसायच्या. त्यांना कुठूनतरी कळलं. भांडण नाही, शब्द नाही. दुसऱ्या दिवशी आमचं दोऱ्याचं पातेलं त्यांच्या मुलीच्या हाती परत आलं, घासून लख्ख आणि रिकामं. आपल्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत करत नाहीत, काही नाही तर चिमूटभर साखर तरी घालतात. आईनं झाकण उघडून आत बघितलं, पुन्हा झाकण लावलं आणि पातेलं फळीवर ठेवलं. त्या बाई परत कधी दुपारी आल्या नाहीत.

बाबा गेल्यानंतर यंदा आई पहिल्यांदाच माझ्याकडे तीन महिने राहायला आली. पहिले काही दिवस ती खुर्चीत बसून समोरच्या इमारतीकडे बघत असायची. मी प्रयोगशाळेत, नवरा ऑफिसात, नात शाळेत. टीव्ही जर्मन, शेजारी जर्मन, आणि नातही मराठी समजत असून उत्तर जर्मनमध्येच देणारी. आई जेवण अर्धं टाकायची. मला काळजी लागली होती, आणि काळजी लागली की मी चिडते. मी तिला सांगितलं, निदान खाली जाऊन कचरा तरी टाकत जा, पाय मोकळे होतील.

त्या कचऱ्यानं काम केलं. अंगणात चार रंगांच्या डब्यांपुढे उभी राहून आई मोठ्यानं म्हणाली, "आता हे मेलं कुठं टाकायचं?" आणि मागून अस्सल मराठीत उत्तर आलं, "पिवळ्यात टाका हो. निळ्यात टाकलंत तर खालची बाई जेवू देत नाही."

तिसऱ्या मजल्यावर नुकतंच एक मराठी जोडपं राहायला आलं होतं, सॉफ्टवेअरवालं. त्या मुलाची ही आई, साताऱ्याची, ठसठशीत कुंकू, पायात मुलाचे बूट. आईसारखीच एकटी पडलेली आणि आईपेक्षा दुप्पट बोलणारी. त्या दिवशी आई कचरा टाकून परत आली ती तासाभरानं. रात्री ताट स्वच्छ करून उठली.

मग रोजचंच झालं. मी त्यांना काकू म्हणू लागले, आई त्यांना ताई म्हणे, आणि आई शिक्षिका होती हे कळल्यापासून त्या आईला बाई म्हणत. दोघी सकाळी बागेत जाऊन बाकावर बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्या कुत्र्यांना नावं ठेवत. काकू पक्क्या शाकाहारी. कांदा-लसूण चालतं, पण अंड्याचा केकसुद्धा नको. आईनं ते ऐकलं आणि त्याच संध्याकाळी माझ्या कपाटातलं एक झाकणाचं स्टीलचं पातेलं आणि एक डाव बाहेर काढला. दोन्ही उकळत्या पाण्यातून काढले, शिवणाच्या डब्यातून लाल दोरा काढून पातेल्याच्या कानाला बांधला आणि ते सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं. ते पातेलं भरलेल्या वांग्यांनी भरून तिसऱ्या मजल्यावर जाऊ लागलं आणि रव्याचे लाडू, चेरी, नाहीतर काकूंच्या हातचं लिंबाचं लोणचं घेऊन परत येऊ लागलं.

आणि त्याबरोबर खिडक्या लागल्या.

मला आधी लक्षात आलं नाही. एक दिवस कामावरून आले तर भर उन्हाळ्यात घर कोंदटलेलं, आई घामानं निथळतेय, कुकर होतोय आणि सगळ्या खिडक्या बंद. मुलगी दारातच नाक धरून उभी. "आजी, वारूम?" का म्हणून? आजीनं तिला आत ओढून दार लावलं.

"आई, हा जर्मनी आहे," मी म्हटलं. "इथे पोलीससुद्धा बीफ खातात."

"पोलीस वरच्या मजल्यावर राहत नाहीत," आई म्हणाली.

सुपरमार्केटात तर तिनं हद्द केली. मी गाडीत मांसाची पाकिटं ठेवली की ही मागून येऊन त्यावर लीकची जुडी आडवी टाकायची. लीक म्हणजे इथला हातभर लांब कांदा. मेथी मिळत नाही म्हणून लीक. मी हसत होते, पण हसताना मला राग येत होता. तिचा नाही. तिकडे आता मोठ्याचं मिळणंच बंद झाल्यात जमा, म्हणून कित्येक वर्षांनी ती ते चवीनं खात होती, आणि खाताना एक कान जिन्याकडे लावून बसत होती, त्याचा. मी म्हटलं, सांगून टाक ना काकूंना सरळ. त्या काय खाणार आहेत तुला!

"तुला काय जातंय सांगायला," आई म्हणाली. "तुला ऑफिस आहे. मला इथं एकच माणूस आहे."

खरंच होतं ते. ती एक बाई नसती तर आई परत त्या खुर्चीत गेली असती.

एवढ्यात होफफेस्ट जवळ आलं. तळमजल्याच्या बाईंनी जिन्यात चिठ्ठी लावली, कुणी काय आणायचं त्याची, आणि आमच्या मजल्यापुढे नेहमीप्रमाणे चिली. आईनं विचारलं चिली म्हणजे काय. मी तिला पाकीट दाखवलं. तिनं ते फोडून हुंगलं आणि एखाद्या नापास मुलाच्या पेपराकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. "हे तू दरवर्षी लोकांना घालतेस?"

मग मी मुकाट्यानं बाजूला झाले. चिली म्हणजे मिरची आणि मांस, हे ऐकल्यावर आईला त्यात परकं काही वाटलंच नाही. खिमा नको, गुलाशच्या रश्श्यासाठी मिळतात तसे मोठे तुकडे आण, म्हणाली. मका अजिबात नको. मिरची पूड नको, सबंध. ब्याडगी तिनं पुण्याहून आणलेलीच होती. "मिरची आधी कोरडी भाजायची, मग भिजवायची, मग वाटायची. कांदा काळपट होईपर्यंत परतायचा, तिथं घाई केली की संपलं. मांसाला पाणी कमी आणि वेळ जास्त. आणि आदल्या दिवशी करायचं असतं असलं काही, पण तू मांस आणणार शुक्रवारी रात्री, काय करणार." चांगल्या चिलीबद्दल यापेक्षा शहाणं बोलणं मी नंतर कुठेही ऐकलेलं नाही. तिनं जन्मात चिली चाखली नव्हती.

एकच अडचण होती. ते पातेलं अंगणात, टेबलावर, सगळ्यांसमोर ठेवलं जाणार होतं आणि काकू तिथे असणार होत्या. मी म्हटलं, आपण पाटी लावू, माझी चिली आहे, तुझा काही संबंध नाही. आई म्हणाली, "तू केलीस, मी हात लावला नाही, असं म्हणायचं." मान्य झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

शनिवारी सकाळी मी पाव आणायला खाली गेले. परत येताना जिन्यातच घशात काहीतरी टोचलं. दुसऱ्या पायरीला शिंक, तिसऱ्या पायरीला डोळ्यांतून पाणी, आणि तेवढ्यात आमच्या घरातला राउखमेल्डर, छताला लावलेला धुराचा भोंगा, किंचाळायला लागला.

काय झालं असेल ते कुठल्याही मराठी माणसाला सांगायला नको. आईनं खिडक्या लावल्या, दार लावलं, दाराखालच्या फटीत ओला टॉवेल लावला आणि तव्यावर ओंजळभर मिरच्या भाजायला घेतल्या.

मी दार ढकललं तेव्हा ठसक्याचा लोट माझ्या अंगावरून जिन्यात गेला. आई स्वयंपाकघरात पदर तोंडाशी धरून वाकलेली, तवा काळा झालेला, भोंगा चालूच. मागून तळमजल्याच्या बाई "लुफ्टेन! लुफ्टेन!" म्हणजे हवा येऊ द्या, हवा येऊ द्या, असं ओरडत धावत आल्या, आणि त्यांच्या मागून काकू, नाकाला रुमाल लावून. ओट्यावर परातीत मांसाचे लालबुंद तुकडे मांडलेले, शेजारी उघडं पाकीट, त्यावर गाईचं ठळक चित्र. जर्मन लोक असल्या बाबतीत काहीही मोघम ठेवत नाहीत.

काकूंनी परात बघितली. पाकीट बघितलं. आईकडे बघितलं. मग त्या सरळ खिडकीशी गेल्या, दोन्ही दारं सताड उघडली, दुसरी खिडकी उघडली, आणि एक शब्द न बोलता निघून गेल्या. तळमजल्याच्या बाईंनी खुर्चीवर चढून भोंगा बंद केला, खोकत खोकत विचारलं की हे असंच करायचं असतं का, आणि मी गेनाऊ, अगदी असंच, म्हटल्यावर त्याही गेल्या.

आई स्टुलावर बसली. ठसका गेला तरी तिचे डोळे वाहतच होते. "बघितलंस?" ती म्हणाली. "काही बोलल्या नाहीत. पुण्याच्या त्या बाईपण काही बोलल्या नव्हत्या."

"पातेलं कुठाय?" थोड्या वेळानं तिनं विचारलं.

दोऱ्याचं पातेलं तिसऱ्या मजल्यावर होतं. काल त्यातून अळूचं फदफदं गेलं होतं, आखनमध्ये अळू कुठलं, पालकाचंच, पण चिंच-गुळाचं. "येईल आता रिकामं," आई म्हणाली आणि उठून कांदा चिरायला लागली. मला इतका संताप आला की काय सांगू. काकूंचा, त्यांच्या कुंकवाचा, पुण्याच्या घरमालकांचा, त्या जुन्या शेजारणीचा, सगळ्यांचा एकदम. बाई माणूस इथं परक्या देशात तुमच्यासाठी भांडी उकळून घेतेय, दोरे बांधतेय, आणि तुम्ही तिच्याशी एक शब्द बोलू शकत नाही! मी वर जाऊन भांडणारच होते. आईनं सुरी खाली ठेवून माझा हात धरला. "जाऊ नको. त्यांचा नेम आहे. आपण त्यांना सांगितलं नाही, ही आपली चूक."

चिली मात्र ती करत राहिली. आमच्या घरात दुःख झालं म्हणून चूल थांबत नाही. थोड्याच मिरच्या करपल्या होत्या, त्या टाकून तिनं नव्या भाजल्या, आता खिडक्या उघड्याच होत्या. गरम पाण्यात भिजवून जिऱ्या-धण्यांबरोबर वाटल्या. वाटण विटकरी रंगाचं, मऊ. कांदा काळपट परतून झाला आणि ती तेलात मांस टाकणार एवढ्यात दारावरची घंटा वाजली.

दारात काकू. हातात दोऱ्याचं पातेलं, झाकण लावलेलं.

आईनं तिकडे पाहिलं नाही. ती शेगडीकडे तोंड करून उभी राहिली. मी पातेलं घ्यायला हात पुढे केले, आणि ते हातात आलं तेव्हा खाली गेले हात. जड होतं.

झाकण काढलं. काठोकाठ उकडलेला राजमा.

"बाई," काकू चपला काढत म्हणाल्या, "वाटण किती झालंय? मांस पडलं नसेल त्यात तर मला दोन डाव काढून द्या. माझी सून म्हणते मी होफफेस्टला काय नेणार. म्हटलं, बाईंच्या मिरच्या एवढा अख्खा जिना ठसकावतात, तर त्याच नेते. पण माझ्यात मांस नको, माझी बिनमांसाची चिली."

आई वळली. "ताई, तुम्ही सकाळी..."

"सकाळी काय?"

"काही न बोलता गेलात," मी म्हटलं. माझा आवाज चढलेलाच होता.

"अगं, तोंड उघडवत होतं का मला!" काकू माझ्यावरच उखडल्या. "जीव जायची वेळ आली होती. आणि वर शेगडीवर दूध ठेवून धावले होते, ते उतू गेलं ते गेलंच. तास झाला शेगडी घासतेय." मग त्या आईच्या स्टुलावर बसल्या. "बाई, मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. भांड्याला दोरा बघितला, तेव्हा म्हटलं दृष्ट लागू नये म्हणून असेल. मग तुमच्याकडे चहाला आले तर बाकी एकाही भांड्याला दोरा नाही. माझ्या वाट्याचं एवढं जपून वेगळं ठेवतात, म्हणजे वेगळं ठेवण्यासारखं काहीतरी या घरात शिजतंय. आणि भर उन्हाळ्यात खिडक्या बंद. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?"

"मग विचारलं नाहीत."

"तुम्ही सांगाल म्हटलं कधीतरी. मी कोण विचारणार?" काकू जरा थांबल्या. "खरं सांगते, मला तो वास आवडत नाही. मी खाणार नाही, आणि माझ्या घरात आणूही देणार नाही. पण तुम्ही माझ्यासाठी दारं-खिडक्या लावून आत गुदमरत बसता, हे काही मला बरं वाटत नाही. काय बोलायचं मी मुलाला, बाई माझ्यापायी ठसका लागून गेल्या?"

आई हसली. हसता हसता तिला परत ठसका लागला, आणि काकूंनी उठून तिला पाणी दिलं. मला रडू आलं. मी सिंककडे तोंड करून दोन कप विनाकारण धुतले.

दुपारी अंगणात दोन पातेली शेजारी शेजारी होती. मांसाची चिली मोठ्या पातेल्यात, राजम्याची दोऱ्याच्या. प्रत्येकाचा डाव वेगळा, आणि दोन्ही डाव अदलाबदल होऊ नयेत म्हणून आई तिथंच खुर्ची टाकून पहारा देत बसली. माझी मुलगी लोकांना जर्मनमध्ये समजावून सांगत होती की डावीकडची आजीची आणि उजवीकडची वरच्या आजीची. तळमजल्याच्या बाईंनी आधी डावीकडची घेतली. पहिल्या घासाला त्यांचा चेहरा लाल झाला, दुसऱ्या घासाला त्या रडू लागल्या, आणि मग ताट संपवून परत आल्या. "शार्फ," त्या म्हणाल्या, तिखट आहे, "पण पाकिटातली नाही ही." म्हणजे त्यांना इतकी वर्षं ठाऊक होतं. इमारतीत माझ्याशिवाय सगळ्यांना सगळंच ठाऊक असतं असं दिसतं.

काकूंची चिली आधी संपली, हे नोंदवायला हवं. त्या अजून ते ऐकवतात.

आईचं परतीचं तिकीट जवळ आलं तेव्हाचा एक रविवार. चर्चहून येऊन तिनं मोठ्याचं टाकलं होतं, नगरकडचं साधं, कांदा-खोबऱ्याचं. खिडकी किलकिली उघडी. सवय एका दिवसात जात नाही, तिनं अर्धीच उघडली होती, आणि हात अधूनमधून कडीकडे जात होता. मी टेबलाशी बसून कांदा-काकडी चिरत होते. आई मला काहीतरी सांगत रमली, बाबांची कसलीशी जुनी गोष्ट, आणि शेगडीकडे तिचं दुर्लक्ष झालं.

वरून काकूंचा आवाज आला. अख्ख्या अंगणात घुमेल असा, खिडकीतून वाकून दिलेला.

"बाई! अहो बाई! तुमचं ते मोठ्याचं खाली लागतंय! हलवा!"

आई ताडकन उठली. मला वाटलं ती आधी खिडकी लावणार. अंगणात तळमजल्याच्या बाई फुलांना पाणी घालत होत्या, समोरच्या गच्चीवर माणसं होती. आईनं कडीला हात घातला, खिडकी ढकलून पूर्ण उघडली आणि बाहेर वाकून, मी जन्मात तिचा ऐकला नव्हता एवढ्या मोठ्या आवाजात ओरडली,

"हलवते हो ताई!"